एकोणीस पायऱ्या आणि एक हत्तीण

माणूस ज्या वस्तूला तीस वर्षं सलग शिव्या देतो, तिचीच किंमत शेवटी गगनाला भिडते. हा अर्थशास्त्राचा मूलभूत सिद्धान्त असून आजवर एकाही पंडिताला तो सुचलेला नाही, असं मी एका सकाळी चहाचा कप हातात धरून जाहीर केलं. बायकोने तो शांतपणे ऐकून घेतला. मग तिने विचारलं की या हिशेबाने तिची स्वतःची किंमत आता कितीवर गेली असेल, आणि रिकामा कप घेऊन भाषणच करायचं असेल तर ते मोरीजवळ उभं राहून करायला काही हरकत आहे का.

सिद्धान्ताला निमित्त झालं होतं आमच्या जावयाचं. आदल्या संध्याकाळी तो मुलीला घेऊन आला होता. जेवण झाल्यावर त्याने फोन माझ्या नाकासमोर धरला. फोनमध्ये एक गाडी होती. चौकोनी तोंडाची, ताडपत्रीच्या टपाची, चारही चाकांनी ओढणारी. कुठल्याशा लिलावात ती विकली गेली होती आणि खाली आकडा लिहिला होता. मी चष्मा पुसला. आकडा तेवढाच राहिला. जावई म्हणाला, "बाबा, ही आपली हत्तीण आहे. म्हणजे आपली नाही, पण तीच."

हत्तीण म्हणजे मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी असलेली माझी गाडी. मी जनावरांचा डॉक्टर. आता निवृत्त, पण अजून कुणाची गाय अडली की मला झोप लागत नाही. नोकरीच्या काळात माझे रुग्ण अशा ठिकाणी राहत की तिथे जायला रस्ता नसे, आणि असलाच तर तो मध्येच विचार बदलून ओढा होई. तीस वर्षांपूर्वी धरणाचं काम संपलं आणि धरणवाल्या खात्याने आपल्या जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा मी ही उचलली. मूळ रंग हिरवा, असं कागदावर लिहिलेलं आहे. तिला गिअरचे दोन दांडे. एक सगळ्या गाड्यांना असतो तो, आणि दुसरा लाल बोंडाचा. तो पुढे लोटला की पुढची चाकंही कामाला लागत आणि ती गुरगुरत कशावरही चढे. वळायला मात्र तिला एक अख्खी गल्ली आणि शेजाऱ्यांची संमती लागे. चालकाच्या बाजूचं दार आधी उचलायचं, मग कंबरेने ढकलायचं, तेव्हा लागायचं. मागच्या बाकाला शेळीचा वास होता. तो कितीही धुतला तरी गेला नाही, आणि मला तो कधी आलाही नाही. बाकीच्यांना येई.

हिला बायकोने तीस वर्षांत एकदाही गाडी म्हटलं नव्हतं. "तुमचं ते" म्हणे. तुमचं ते दारातून हलवा, तुमच्या त्याने परत तेल सांडलं. बॉनेटवर ती पायपुसणी वाळत घाली.

जावई गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो तर पायपुसणी गायब, आणि हत्तिणीच्या अंगावर आमच्याकडची चांगली चादर. पाहुण्यांसाठी ठेवलेली. मला ती आजारपणातसुद्धा मिळाली नव्हती.

समोरचा शिंपी, ज्याने दारात लावलेल्या माझ्या गाडीमुळे दुकानाचा उजेड अडतो म्हणून बारा वर्षं माझ्याशी अबोला धरला होता, तो आपल्या साडूला घेऊन आला आणि हत्तिणीसोबत फोटो काढून गेला. निघताना त्याने मला सांगितलं की अशी वस्तू आपल्या गल्लीत आहे हे तो पहिल्यापासून सगळ्यांना अभिमानाने सांगत आलाय. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते ठीक, पण आमची म्हैस अजून धडधाकट होती आणि तरीही आचळ मोजायला गर्दी.

सगळ्यात वाईट म्हणजे मला ती चालवायला बंदी झाली. वापरली की किंमत उतरते, असं जावयाने फोनमध्ये वाचलं होतं. तेव्हापासून संध्याकाळी मी शेडमध्ये जाऊन नुसता आत बसू लागलो. चाक धरायचं, लाल बोंड एकदा पुढे, एकदा मागे. बायको खिडकीतून विचारी, कुठवर पोचलात?

पण तिच्या मनात दुसरंच शिजत होतं, आणि ते रास्त होतं, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. आमचं घर खाली एक, वर एक असं. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर झोपायची खोली आणि न्हाणीघर. मध्ये एकोणीस पायऱ्या. बायकोचे दोन्ही गुडघे गेल्या तीन वर्षांत कामातून गेले होते. ती कठड्याला धरून एकेक पायरी चढे आणि प्रत्येक पायरीवर, हे घर बांधणाऱ्या माझ्या वडिलांपासून सुरुवात करून, आमच्या घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव घेई. एकोणीस पिढ्या मला ठाऊक नाहीत, तिला होत्या. वरची उरलेली नावं बहुधा ती स्वतःच पाडत असावी. हाडांच्या डॉक्टरने जिना बंद करा म्हणून सांगितलं होतं. मागे शेडच्या जागी एक खोली आणि तिला लागून न्हाणीघर काढलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण माझ्या पेन्शनमध्ये खोलीचा नुसता नकाशा बसत होता.

आता हत्तीण होती. एका रात्री बायको वर चढून आली, पलंगावर बसली, गुडघे चोळत म्हणाली, "तुम्हाला ती आवडते ते मला माहीत आहे. पण ती तुम्हाला वर चढवत नाही आणि मला खाली उतरवत नाही." मी म्हणालो, विकूया.

जावयाने फोनवरून एक संग्राहक शोधला. या गृहस्थांकडे अशा सव्वीस गाड्या होत्या आणि त्या ठेवायला काचेचा हॉल होता. त्यांनी स्वतः यायच्या आधी आपली तपासनीस पाठवली. पंचविशीतली मुलगी, हातात पांढरे हातमोजे, आणि पिशवीत दातांच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा. तिने चादर बाजूला केली, हत्तिणीला एक प्रदक्षिणा घातली, आणि सतरंजी अंथरून सरळ गाडीखाली शिरली. मला तिची पद्धत पसंत पडली. जनावर घेताना मीही आधी तोंड उघडून दात बघतो. मालक काय सांगतो ते मागाहून.

तासाभराने ती बाहेर आली. तिने समजावून सांगितलं ते असं. चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, एक नंबर ठोकलेला असतो. गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा तिच्या इंजिनावर, गिअरबॉक्सवर, पुढच्या-मागच्या ॲक्सलवर कोणते नंबर होते त्याची यादी कंपनीच्या जुन्या वहीत असते, आणि त्या वहीची प्रत तिच्याकडे होती. सगळं जुळलं तर किंमत फोनमध्ये दिसते ती. नाही जुळलं तर गाडी नव्हे, सुट्या भागांचा ढीग.

"तुमची चासी चारवर संपते," ती म्हणाली. "मागचा ॲक्सल चारचा. पण इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचा ॲक्सल पाचचे आहेत. म्हणजे त्याच दिवशी हिच्या मागोमाग जी गाडी बाहेर पडली, तिचे."

बायकोने विचारलं की जुळलं तर किती आणि नाही तर किती. मुलीने दोन आकडे सांगितले. बायकोने ते मनातल्या मनात विटा-सिमेंटमध्ये मांडले. जुळलं तर खोली. नाही जुळलं तर खोलीचं दार.

पाच नंबरची गाडी कुठे आहे, हे विचारायची गरज नव्हती. धरणाच्या त्या लिलावात दोन गाड्या एकीला एक लागून उभ्या होत्या. एक मी घेतली, दुसरी एका लाकडाच्या वखारवाल्याने. हा वखारवाला पुढे माझा व्याही झाला, आणि त्यालाही या गाड्याच कारणीभूत. दोन्ही एकाच गॅरेजमध्ये दुरुस्तीला असत, एवढ्या वेळा असत की माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा तिथल्या एकाच बाकड्यावर वाट बघत लहानाचे मोठे झाले. गाड्या वेळेवर दुरुस्त झाल्या असत्या तर आज मला नातू नसता.

आम्ही दोघे व्याही गेली वीस वर्षं एकाच विषयावर भांडत आलो होतो: कुणाची गाडी चांगली. त्यांच्या गाडीचं नाव राणी. वखारीमागचा चढ राणी एका दमात चढे. हत्तीण त्याच चढावर खोकायची. "डॉक्टर," व्याही दरवेळी म्हणत, "तुमच्या जनावराला क्षय आहे. आमच्या राणीचं काळीज बघा." आणि छातीवर असा हात ठेवत की जणू ते त्यांनीच घडवलंय.

मी तपासनीस मुलीला घेऊन त्या गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्री आता सत्तरीला आलेत, पण इंजिनाचा आवाज अजून दारातून ओळखतात, माणसांची नावं मात्र ओळखत नाहीत. मला ते डॉक्टर म्हणतात, व्याह्यांना शेठ, आणि बाकी सगळ्या जगाला "ओ". तपासनीस मुलीने कागद पुढे केला. मला वाटलं, आता हे कानांवर हात ठेवतील. मिस्त्रींनी कागद तेलकट बोटांनी लांब धरून वाचला आणि मान डोलावली. हो, म्हणाले, बरोबर आहे. मग इतक्या साध्या गोष्टीसाठी हातमोजे कशाला घातलेत, असंही त्यांनी तिला विचारलं.

झालं होतं असं. बावीस वर्षांपूर्वी दोन्ही इंजिनं एकाच आठवड्यात उतरवलेली. एक तयार झालं, ते हत्तिणीचं होतं. पण शेठचा लाकडाचा ट्रक दरडीत अडकला होता आणि त्याला ओढून काढायला राणी हवी होती, म्हणून शेठ गॅरेजच्या दारात उभे राहून आरडाओरडा करत होते. मिस्त्रींनी तयार इंजिन राणीत घातलं. दुसरं चार दिवसांनी तयार झालं, ते हत्तिणीत. पुढे एकदा कुठल्याशा गावात घोडी अडली होती आणि मला तातडीने निघायचं होतं, तेव्हा राणीचा गिअरबॉक्स मला मिळाला. ॲक्सलचं त्यांना आठवत नव्हतं, पण कुणीतरी घाईत असणार.

"सांगितलं का नाहीत?" मी विचारलं.

"काय सांगायचं? शेजारणीकडून वाटीभर साखर नेली तर परत देताना तेच दाणे देतात का?" मिस्त्री म्हणाले. "मला दोन गाड्या चालू ठेवायच्या होत्या, डॉक्टर. तीस वर्षं ठेवल्या. कोणता भाग कुणाचा, हे मी कधी बघितलं नाही. कोण जास्त ओरडतंय, ते बघितलं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे वखारीमागचा चढ एका दमात चढायचं ते माझं इंजिन. वीस वर्षं व्याही छातीवर हात ठेवून कौतुक करत होते ते हत्तिणीच्या काळजाचं, आणि क्षय म्हणून हिणवत होते तो त्यांच्याच राणीचा. मला इतका आनंद झाला की खोली, गुडघे, आकडे, सगळं विसरून मी तिथल्या तिथे मिस्त्रींना चहा पाजला.

तोडगा तसा सोपा होता. ज्याचं त्याला परत करायचं. दोन्ही गाड्या जुळल्या असत्या, मिस्त्री एका दिवसात करून द्यायला तयार होते. फक्त व्याह्यांनी हो म्हणायला हवं होतं. मी वखारीत गेलो. ते फळ्यांच्या चळतीवर बसून पट्टीने काहीतरी मोजत होते. मी सगळी हकीगत सांगितली, आणि ती सांगताना माझा चेहरा हवा तेवढा गंभीर राहिला नाही हे मी कबूल करतो. त्यांनी पट्टी खाली ठेवली. म्हणाले, मिस्त्रीला आता वयोमानाने काही आठवत नाही. मी म्हणालो, नंबर आहेत. ते म्हणाले, नंबर ठोकणारा माणूस चुकला असेल. मग म्हणाले, त्यांना गाडी विकायची नाही, त्यामुळे नंबर जुळले काय आणि न जुळले काय. चालतं-बोलतं काळीज काढून त्या जागी खोकला घालायचा, असं कुठल्या शहाण्याने केलंय? आणि वीस वर्षं जे ज्याच्याकडे नांदलं ते त्याचंच, असंही वर ऐकवलं.

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं की व्याही नाही म्हणाले, माझा इलाज चालला नाही. ती बटाटे सोलत होती. तिने सुरी थांबवून माझ्याकडे पाहिलं.

"नापास झालेल्या मुलाचं तोंड असं नसतं," ती म्हणाली. "हे शाळेला सुट्टी मिळालेल्या मुलाचं आहे."

चोराच्या मनात चांदणं, आणि माझ्या मनात तर पौर्णिमा होती. गाडी वाचली होती. पण त्या रात्री ती जिना चढताना सहाव्या पायरीवर थांबली आणि घराण्यातलं कुणाचंच नाव न घेता नुसती उभी राहिली, बराच वेळ. शिव्या आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः व्याह्यांना फोन लावला. इंजिनाचा विषयसुद्धा काढला नाही. नातवाच्या शाळेबद्दल काही बोलायचं आहे, रविवारी चहाला या, एवढंच.

व्याही रविवारी आले. बरोबर विहीणबाई. त्यांना बायकोने बैठकीच्या खोलीत बसवलं आणि व्याह्यांना म्हणाली, चहा वर मांडलाय, वारं चांगलं येतं. व्याही वर गेले. मी मागून. एकोणीस पायऱ्या ते ताठ मानेने चढले, पण कठड्यावरचा त्यांचा हात मी पाहिला. मोठमोठे ओंडके ज्या हाताने त्यांनी उलथले, तोच हात, पण कठड्याला बिलगलेला. वर पोचल्यावर ते खुर्चीत बसले आणि वारं खरंच चांगलं आहे असं म्हणाले. एका दमात नव्हे.

एवढ्यात खालून बायकोची हाक आली. विहीणबाईंना नातवाचे शाळेतले फोटो बघायचे होते आणि ते व्याह्यांच्या फोनमध्ये होते, आणि तो फोन उघडतो फक्त त्यांच्या बोटाने. व्याही उतरले. फोटो दाखवले. परत वर आले. मी चहा ओतला, तर त्यांचा चष्मा खाली राहिला होता. मी जाऊन आणतो म्हणालो, तर खालून बायको म्हणाली की पाहुण्यांचा चष्मा तुम्हाला ओळखू यायचा नाही, परवा स्वतःचा समजून तुम्ही माझा घालून गेला होतात. हे खोटं नव्हतं. व्याही उतरले. या खेपेला बऱ्याच वेळाने जिन्यावर पाऊल वाजलं. सात, आठ, नऊ, मग थांबलं. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. नवव्या पायरीवर व्याही बसले होते. शेजारी, दोन पायऱ्या खाली, कठड्याला टेकून बायको उभी होती. दोघांनीही आपापला उजवा गुडघा धरला होता. डाव्या-उजव्याची चूक नसती तर आरशातलं चित्र वाटलं असतं.

"तुमचेही गेले का?" बायकोने विचारलं.

"कुणाला सांगू नका," व्याही म्हणाले. "वखारीत माणसं ऐकत नाहीत मग."

"मी रोज आठ वेळा चढते."

व्याह्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं. दहा पायऱ्या वर उरल्या होत्या, नऊ खाली. त्या जागेवरून कुठेही जायचं म्हटलं तरी लांबच पडत होतं. गुडघा चोळत, वर माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "डॉक्टर, घेऊन जा तुमचं इंजिन. पण क्षय म्हणायचं नाही कधी. निदान चारचौघांत."

मी वचन दिलं. चहा खाली आणून दिला. बायकोने कप हातात घेताना मला हळूच सांगितलं की नातवाची शाळा उत्तम चाललीय.

मिस्त्रींच्या गॅरेजात मग एका सकाळी दोन्ही गाड्या शेजारी-शेजारी लागल्या, दोघींचीही छाती उघडी. मिस्त्रींनी खडूने एकीवर चार, दुसरीवर पाच काढले, आणि तरीही प्रत्येक भाग उचलण्याआधी ते आम्हाला विचारत, हा कुणाचा, डॉक्टर? साखळीच्या कप्पीवर इंजिनं लोंबकळली, एक इकडून तिकडे गेलं, दुसरं तिकडून इकडे. मी उभ्या आयुष्यात शेकडो शस्त्रक्रिया केल्या, पण दोन रोग्यांची काळजं अदलाबदल होताना मालकांनी स्टुलावर बसून बिस्किटं खाल्लेली पहिल्यांदा पाहिली. दुपारी चारच्या सुमाराला हत्तीण चालू झाली. काय आवाज. गार, एकसंध, घरी परत आलेल्या माणसाने सोडलेल्या निःश्वासासारखा. मग राणी चालू केली. ती खोकली. पुन्हा खोकली. सगळं गॅरेज शेठांच्या तोंडाकडे बघत राहिलं.

व्याह्यांनी डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. शेवटी म्हणाले, "खोकला खराच. पण काय खानदानी खोकला आहे बघा. असली माल म्हटला की आवाजच वेगळा."

आपला तो बाळ्या, हे मी मनात म्हणालो. वचन चारचौघांतल्यापुरतं होतं.

तपासनीस मुलगी पुन्हा आली, सतरंजीवर पडून सगळे नंबर आरशात पाहिले आणि या वेळी हातमोजे काढून तिने माझ्याशी हात मिळवला. आठवड्याने संग्राहक स्वतः आले. बरोबर हत्तिणीला न्यायला लांबलचक ट्रेलर. गृहस्थ सभ्य होते. गाडी काचेच्या हॉलमध्ये राहील, तापमान कायम एकच राहील, इंजिन कधीच चालू होणार नाही, चाकं जमिनीला टेकणारही नाहीत, असं त्यांनी मला आश्वासन दिल्यासारखं सांगितलं. मला कुणीतरी सांगावं तसं ऐकू आलं की आजीला आता आयुष्यभर उठायची परवानगी नाही. पण कागदावर सही केली. बायको शेजारी उभी होती आणि ती माझ्या सहीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

हत्तीण ट्रेलरवर चढवायची होती. ट्रेलर मात्र शेडपर्यंत येताना तिथल्या मऊ जमिनीत मागच्या चाकांनी रुतून बसला होता. त्याच्या चालकाने पुढे रेटला, मागे रेटला, तो आणखी खाली गेला. शिंपी दुकान सोडून सल्ला द्यायला आला. संग्राहकांनी फोन केले. क्रेन संध्याकाळनंतर येणार होती. त्यांनी घड्याळ पाहिलं, ट्रेलरकडे पाहिलं, मग चादरीखालच्या हत्तिणीकडे पाहिलं आणि खाकरले. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तत्त्वात बसत नाही. पण एकदाच."

मी आत बसलो. दार उचललं, कंबरेने ढकललं, लागलं. मागून जाड दोर बांधला. लाल बोंड पुढे लोटलं. ती गुरगुरली, चारही पायांवर बसली, आणि तो अख्खा ट्रेलर चिखलातून असा उपसला, जशी दाढ निघावी. मी शेवटपर्यंत दोर सोडला नाही. ट्रेलर पक्क्या रस्त्यावर आला तरी थांबलो नाही. गल्लीच्या टोकापर्यंत त्याला ओढत नेलं. संग्राहक मागून पळत येत होते. असा आनंद मला निवृत्तीनंतर झाला नव्हता. वळायला तिला अख्खी गल्ली लागली आणि या वेळी सगळ्यांची संमती होती.

मग ती गेली. दार कसं लावायचं ते मी संग्राहकांना तीनदा दाखवलं. त्यांना शेवटपर्यंत जमलं नाही. हत्तीण गेली आणि शेपूट राहिलं म्हणतात तसा तो दोर आमच्याकडे राहिला. बायको त्यावर पायपुसणी वाळत घालते.

खोली चार महिन्यांत उभी राहिली. शेडच्या जागी, पूर्वेला खिडकी, लागून न्हाणीघर, उंबरठासुद्धा नाही. कुठल्याशा कोपऱ्यात अजून शेळीचा वास येतो असं बायको म्हणते. मला येत नाही. गेल्या शनिवारी मुलगी, जावई आणि आम्ही दोघा व्याह्यांनी मिळून पलंग खाली आणला. व्याह्यांनी फक्त सूचना केल्या, खालून. संध्याकाळी सगळे गेले. बायको नव्या खोलीत पहिल्यांदा पलंगावर आडवी झाली. पाय लांब केले, गुडघ्यांवर हात ठेवला आणि छताकडे बघत म्हणाली की आता यापुढे ती एकही पायरी चढणार नाही. आयुष्यात एवढं समाधान तिच्या तोंडावर मी पाहिलं नव्हतं. मी तिच्या पायाशी बसलो. माझा सिद्धान्त, काचेतली हत्तीण, परत मिळालेलं काळीज, सगळ्याचं चीज झालं असं मला वाटलं, आणि यावर चार शब्द बोलावेत म्हणून मी घसा साफ केला.

"अहो," ती म्हणाली, "माझा चष्मा वर राहिला. तेवढा आणता?"